कोहा : एका ग्रंथालयाचा आहेर

शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना सामान्यतः तीन वर्गांच्या माणसांची नोंद घेतली जाते. ज्यांनी पदरमोड करून संस्था उभी केली ते संस्थापक; ज्यांनी जागा आणि निधी दिला ते आश्रयदाते; आणि ज्यांनी अल्प मानधनावर किंवा मानधनाविना वर्षानुवर्षे देवघेवीचे टेबल सांभाळले ते कार्यकर्ते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयाच्या बाबतीत ही नोंद अधिक अगत्याने व्हावयास हवी; कारण येथे वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या आस्थेवरच मराठी पुस्तक कपाटात टिकून राहिले. त्यांचे स्मरण या ग्रंथात इतरत्र होईलच. प्रस्तुत लेखात चौथ्या एका वर्गाचा विचार करावयाचा आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत जगातील असंख्य ग्रंथालयांची सूची, देवघेव आणि सभासदांची नोंद संगणकावर गेली. हे काम ज्या आज्ञावल्यांवर, म्हणजेच सॉफ्टवेअरवर, चालते त्यांतील बराच मोठा भाग अशा लोकांनी लिहिलेला आहे की ज्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांनी आपले काम सर्वांसाठी खुले ठेवले. अशा आज्ञावलीला ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. या कामाचे आणि ते करणाऱ्या माणसांचे रक्षण करणे हे ग्रंथालयांचेही कर्तव्य कसे ठरते, हे एका ग्रंथालयाच्याच इतिहासाच्या आधारे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. लेखक मराठी वाङ्मयाचा अध्यापक आहे, तंत्रज्ञ नव्हे. तथापि हा विषय मुळात संहितेचा, तिच्या प्रतींचा आणि तिच्या जतनाचा आहे. आणि तो मराठीच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही.

संहिता आणि परवाना

संगणकाची आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. ही तिची मूळ संहिता होय. ती यंत्राला समजेल अशा अंकरूपात बदलली की काम करू लागते, परंतु मग ती माणसाला सहजी वाचता येत नाही. विक्रेता केवळ हे यंत्ररूप देतो आणि संहिता स्वतःजवळ ठेवतो, तेव्हा ग्राहकाला तिच्यातील दोष दुरुस्त करता येत नाही, आपल्या गरजेप्रमाणे तीत बदल करता येत नाही, आणि विक्रेत्याने धंदा बंद केला तर पुढे काय, या प्रश्नाला उत्तरही मिळत नाही.

संगणकाच्या आरंभीच्या काळात संशोधक एकमेकांना संहिता सहज देत असत. १९७० च्या दशकानंतर ही प्रथा मागे पडू लागली. तिला विरोध म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८५ साली त्यांनी त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे सर्वसाधारण सार्वजनिक परवाना, प्रसिद्ध केला. हा परवाना म्हणजे या चळवळीची खरी कल्पकता होय. स्वामित्वहक्काचा कायदा सामान्यतः प्रत काढण्यास मज्जाव करण्यासाठी वापरला जातो. स्टॉलमन यांनी त्याच कायद्याच्या आधारे उलट अट घातली : ही संहिता कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि वाटावी, मात्र जो ती बदलून इतरांना देईल त्याने आपले बदलही त्याच अटींवर खुले केले पाहिजेत. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहावयास घेतलेली ‘लिनक्स’ ही प्रणाली पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आली आणि या कामाला जगभर हातभार लावणारे मिळाले. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा मात्र १९९८ सालची आहे.

येथे मराठी भाषेची एक सोय सांगितली पाहिजे. इंग्रजीत स्वातंत्र्य आणि फुकटपणा हे दोन्ही अर्थ ‘फ्री’ या एकाच शब्दात मिसळल्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द वेगळे आहेत. ही आज्ञावली मुक्त आहे. ती बहुधा मोफतही मिळते, पण मोफत असणे हा तिचा गाभा नव्हे. आणि जे मोफत मिळते त्याच्यामागे कोणाचे श्रम नसतात असे तर मुळीच नाही.

या परवान्यांना कायद्यात कितपत वजन आहे, हा प्रश्न बराच काळ विचारला जात होता. त्याचे महत्त्वाचे उत्तर खेळण्यातील आगगाड्या चालविण्याच्या एका आज्ञावलीवरून मिळाले. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुक्तपणे दिली होती. दुसऱ्या एका व्यावसायिकाने तिचा भाग मूळ कर्त्यांची नावे गाळून आपल्या मालात वापरला. २००८ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे घेतले नाहीत म्हणून कर्त्याचा हक्क संपत नाही. परवान्यातील अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. विनामूल्य देणाऱ्यालाही श्रेयाचा हक्क असतो, हे तत्त्व त्यामुळे न्यायालयात मान्य झाले.

लेविनचे ग्रंथालय

आता मुख्य इतिहासाकडे वळू. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, लेविन नावाचे लहान शहर आहे. तेथील व आसपासच्या गावांतील ग्रंथालये त्या काळी ‘होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट’ हा विश्वस्त निधी चालवीत असे. १९९९ साली या ग्रंथालयापुढे एक अडचण उभी राहिली. त्यांची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती. बाजारातील नवी प्रणाली घ्यावी तर ती लहान संस्थेच्या आवाक्याबाहेरची, आणि शाखांना साध्या टेलिफोनच्या तारेवरून काम करता येईल अशी सोयही हवी होती.

ग्रंथालयाच्या प्रमुख रोझली ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलिंग्टनच्या ‘कॅटिपो’ या छोट्या संगणकसंस्थेचा सल्ला घेतला. मुक्तस्रोत साधने वापरून नवीच प्रणाली लिहावी, असे ठरले. ख्रिस कॉर्मॅक हे तिचे प्रमुख लेखक. अवघ्या काही महिन्यांत काम उभे राहिले आणि जानेवारी २००० मध्ये नव्या प्रणालीवर ग्रंथालयाची देवघेव सुरू झाली.

येथवरची हकीकत हुशारीने अडचण निभावून नेल्याची आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय त्यानंतरचा आहे. ही प्रणाली विकून पैसा मिळविता आला असता. परंतु ग्रंथालयाला आज्ञावली विकण्याचा व्यवसाय करावयाचा नव्हता, आणि एकट्याने ती सांभाळणे पुढे जड जाईल हेही उघड होते. इतर ग्रंथालयांना ती दिली तर तेही तिच्यात भर घालतील आणि ओझे वाटले जाईल, असा विचार करून २००० साली ती सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. ग्रंथालयाचे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणारी जगातील पहिली मुक्तस्रोत प्रणाली म्हणून तिची गणना होते. तिला नाव दिले ‘कोहा’.

हा शब्द माओरी भाषेतला आहे. माओरी समाजात पाहुणा यजमानांच्या सभास्थानी जातो तेव्हा जी भेट घेऊन जातो तिला ‘कोहा’ म्हणतात. पूर्वी ती अन्नाच्या किंवा वस्तूंच्या रूपाने असे. अलीकडे बहुधा पैशाच्या रूपाने असते. या भेटीत परस्परतेचा भाव गृहीत असतो : आज मी आणली, उद्या तुम्ही आणाल. मराठीत याला दान म्हणणे बरोबर होणार नाही. दान देऊन मोकळे होता येते, आणि घेणाराही मोकळा होतो. कोहा शब्दाला आपल्याकडचा जवळचा शब्द ‘आहेर’ हा आहे. घरच्या कार्यात आलेला आहेर आपण वहीत लिहून ठेवतो आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की आठवणीने परत करतो. या परतफेडीत हिशेबापेक्षा नाते राखण्याचा हेतू अधिक असतो.

कोहाच्या बाबतीत हे नाते फार लवकर दिसून आले. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने २००२ च्या सुमारास कोहाची निवड केली. सूचीलेखनाच्या ‘मार्क’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीची सोय तेव्हा कोहात नव्हती. या ग्रंथालयाने त्यासाठी स्वतःचा पैसा दिला, फ्रान्समधील पॉल पूलाँ यांनी ते काम मोठ्या प्रमाणावर तडीस नेले, आणि तयार झालेली सोय जगातील सर्वच कोहा-ग्रंथालयांना मिळाली. एका गावाने दुसऱ्या गावाची विहीर खोल करून द्यावी आणि पाणी सर्वांना मिळावे, तसे हे झाले. पुढे अनेक देशांतील ग्रंथपालांनी दोष कळविले, भाषांतरे केली, माहितीपुस्तिका लिहिल्या. भारतातील अनेक महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी कोहा स्वीकारली. २०११ साली ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत कोहाची जागतिक परिषद ठाण्यात भरली होती. ज्या शहरात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्याच शहरात तिने यावे हा योग मराठी वाचकाला सुखावणारा आहे.

नावाचा वाद

परंतु याच सुमारास कोहावर एक संकट आले होते. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २००५ साली अमेरिकेत ‘लिबलाइम’ ही कंपनी कोहावर आधारित सेवा देण्यासाठी निघाली. तिने कोहाच्या विकासात खरोखरच मोलाची भर घातली, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. २००७ साली तिने कॅटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला, आणि त्यासोबत कोहाच्या मूळ संकेतस्थळाचा ताबाही तिच्याकडे गेला. २००९ साली तिने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची वेगळी आवृत्ती चालविण्याचे जाहीर केले. या आवृत्तीतील सुधारणा सामाईक संहितेत वेळेवर येत नाहीत, अशी इतरांची तक्रार होती. परवान्याची अट प्रत वाटण्याला लागू होती. स्वतःच्या यंत्रावर आज्ञावली चालवून केवळ सेवा विकणाऱ्यावर संहिता देण्याचे बंधन नव्हते.

२०१० साली ‘पीटीएफएस’ या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने लिबलाइम विकत घेतली. जगभरच्या कार्यकर्त्यांनी दरम्यान आपले नवे संकेतस्थळ उभारले, आणि सामाईक मालमत्ता कोणाच्या नावे असावी याचा विचार करून विश्वस्त म्हणून पुन्हा त्या लेविनच्या ग्रंथालयाचीच निवड केली. तिकडे कंपनीने न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ हा शब्द ग्रंथालय-आज्ञावलीच्या संदर्भात आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या अर्जाला प्राथमिक मान्यता मिळाल्याचे उघड झाले. ज्या देशात ही आज्ञावली जन्मली, ज्या लोकांच्या भाषेतून तिचे नाव आले आणि ज्या ग्रंथालयाने ती जगाला दिली, तेथेच ते नाव एका परदेशी कंपनीच्या मालकीचे होण्याची वेळ आली. हे नाव ना-नफा संस्थेकडे सोपविण्याची तयारी कंपनीने दाखविली होती. परंतु आपल्या आहेराचे नाव आपल्यालाच कोणी द्यावे, ही गोष्ट कार्यकर्त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती.

लेविनच्या ग्रंथालयापाशी कायद्याच्या लढाईसाठी पैसा नव्हता. त्याने जाहीर आवाहन केले. जगाच्या निरनिराळ्या भागांतून देणग्या आल्या, कायदेशीर साहाय्य पुढे आले, आणि वेलिंग्टनची ‘कॅटलिस्ट’ ही संगणकसंस्थाही विरोधाला उभी राहिली. दोन वर्षे प्रकरण चालले. २०१३ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला.

या वादातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परवान्याने संहितेचे रक्षण केले. ती कोणालाही बंद करून ठेवता आली नाही, आणि कार्यकर्ते तीच संहिता घेऊन पुढे जाऊ शकले. परंतु नाव, पत्ता आणि माणसे यांचे रक्षण परवाना करू शकत नव्हता. ते लोकांनाच करावे लागले. मुक्त देणगी ही बेवारस मालमत्ता नसते. ती सामाईक मालमत्ता असते, आणि तिलाही राखण लागते.

सांभाळणारी माणसे

मुक्तस्रोत कामावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, ज्याचा कोणी मालक नाही त्याची जबाबदारी कोणाची? या आक्षेपाला आपल्याच अनुभवातून उत्तर देता येईल. १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या मुद्राक्षरांत जुळविला जाई, आणि प्रत्येकीची अक्षरांची अंतर्गत मांडणी वेगळी असे. युनिकोड रूढ झाल्यावर हा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडावा तर निरर्थक चिन्हांची रांग दिसू लागली. किती नियतकालिकांचे आणि संस्थांचे दप्तर अशा तऱ्हेने अडकून पडले, हे मुद्रणव्यवसायातील लोकांना माहीत आहे. त्या वस्तूंना मालक होते, पावत्याही होत्या. केवळ मालक असण्याने टिकाऊपणा येतो असे नाही. ज्याची रचना सर्वांना पाहता येते ते मूळ कर्ता निवृत्त झाला तरी दुसऱ्या कोणालाही पुढे चालविता येते.

दुसरा आक्षेप असा की, कोणीही हात लावू शकेल ती वस्तू शुद्ध कशी राहील? मराठीच्या अभ्यासकाला येथे संत एकनाथांची आठवण होणे साहजिक आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हस्ते-परहस्ते उतरविल्या जाता जाता तीत अनेक अपपाठ शिरले होते. एकनाथांनी उपलब्ध पाठ ताडून पाहून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत कोणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. ग्रंथ सर्वांचा होता, पण त्याची पाठशुद्धी कोणी तरी अंगावर घ्यावी लागली. मुक्तस्रोत आज्ञावलीतही नेमके असेच जबाबदार संपादक असतात. बदल करण्यास तेथे मुभा आहे, परंतु सामाईक प्रतीत तो घेण्यापूर्वी पारखला जातो. कोहामध्ये एकाने सुचविलेला बदल दुसऱ्याने चालवून पाहावा लागतो, त्यानंतर गुणवत्ता तपासणारे तो पाहतात, आणि मगच प्रसिद्धीची जबाबदारी घेतलेला संपादक तो स्वीकारतो. मे आणि नोव्हेंबर अशा वर्षातून दोन वेळा नवी आवृत्ती निघते.

खरी अडचण वेगळीच आहे. हे संपादकत्व पुष्कळदा एखाद-दुसऱ्या माणसावर येऊन पडते आणि त्याची जाणीव वापरणाऱ्यांना नसते. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत गंभीर दोष आढळला. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांची गुप्तता तिच्यावर अवलंबून होती. आणि तिला मिळणाऱ्या देणग्या होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! पूर्ण वेळ काम करणारा माणूस जवळजवळ एकच होता. दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. म्हणजे संहिता खुली असणे पुरेसे नाही, ती वाचणारे डोळेही हवेत. या धक्क्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी अशा कामांसाठी एकत्र निधी उभारला.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, याहून बोधप्रद घटना घडली. ‘एक्सझेड’ ही माहिती लहान जागेत बसविणारी आज्ञावली एक स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळीत होता. कामाच्या ओझ्याने तो थकला होता. अनोळखी नावांनी त्याच्यावर दिरंगाईचा ठपका ठेवणारे निरोप येऊ लागले, आणि त्याच वेळी मदतीस आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हळूहळू विश्वास संपादन करून त्या आज्ञावलीत चोरवाट बसविली. एका दक्ष अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो असे जाणवले. त्याने कारण शोधले आणि सारा प्रकार उघडकीस आणला. संहिता खुली नसती तर हा माग काढणे फारच कठीण झाले असते. पण त्या स्वयंसेवकाला वेळीच दोन विश्वासू माणसांची जोड मिळाली असती, तर त्या चोराला शिरकाव मिळणेही अवघड झाले असते. जे एकाकी कार्यकर्त्याला राबवून घेतात आणि वर त्याच्यावरच खेकसतात, ते स्वतःच्याच घराची भिंत पोखरत असतात. एकट्या मानद चिटणिसाच्या खांद्यावर चालणाऱ्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तो थकला की काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

आहेराची परतफेड

मग ग्रंथालयांनी काय करावे? मुक्तस्रोत प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयाने परवान्याचे पैसे वाचले म्हणून तो खर्च अंदाजपत्रकातून पुसून टाकू नये. त्यातील काही अंश प्रणाली बसवून देणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञाला योग्य मोबदला म्हणून आणि काही अंश मूळ प्रकल्पाला देणगी म्हणून राखून ठेवावा. ज्याला पैसा देणे शक्य नाही त्याने श्रम द्यावेत. दोष आढळला तर तो नीट तपशिलाने कळविणे हीसुद्धा भर असते. दोष कळविण्याची भाषा आपण आपल्या ग्रंथपालाशी बोलतो तितकीच सौजन्याची असावी.

मराठी ग्रंथालयांना तर करण्यासारखे एक खास काम आहे. दाखल नोंदवही, देवघेव, आजीव सभासद, आगाऊ मागणी, अनामत हे शब्द आपल्या ग्रंथालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत. संगणकाच्या पडद्यावर ते यावयाचे तर शब्दकोश घेऊन बसलेल्या अनोळखी भाषांतरकारापेक्षा देवघेवीच्या टेबलाशी आयुष्य घालविलेल्या माणसाचा हात त्याला लागला पाहिजे. बंद प्रणालीत विक्रेत्याच्या मर्जीवाचून हे करता येत नाही. मुक्त प्रणालीत आपणांस कोणाची परवानगी मागावी लागत नाही. राजभाषेचा आधार नसलेल्या प्रदेशात शंभर वर्षे मराठी जपणाऱ्या वाचकांना या स्वातंत्र्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक ग्रंथापुढे तो विकत घेतला की देणगीदाखल आला, याची नोंद असते आणि देणगी असेल तर देणाऱ्याचे नाव असते. ती वही आता संगणकात गेली आहे. ज्या ज्या ग्रंथालयात ती मुक्तस्रोत आज्ञावलीवर चालते, तेथे त्या आज्ञावलीचीही नोंद देणगीच्या रकान्यात व्हावी आणि वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीत तिच्या कर्त्यांचा व सांभाळणाऱ्यांचा कृतज्ञतेने उल्लेख व्हावा, अशी सूचना शताब्दीच्या या निमित्ताने सभासदांपुढे व कार्यकारी मंडळांपुढे नम्रपणे ठेवतो. नोंद झाली म्हणजे परतफेडीची आठवण राहते.